शेठना चहाला बोलावलं तेव्हा

त्या दिवशी मारुतीच्या देवळात सोसायटीची सभा होती आणि सगळ्या गावाने दोन्ही बाजूंनी हात वर केले... पन्नासच्या दशकातली गोष्ट, बारामतीजवळच्या आमच्या गावातली. मी तेव्हा नवी सून होते, आज नव्वदीला टेकलेय.

गावाने शेअर काढून नदीवर पाणी उपसायला एक ऑइल इंजिन घेतलं होतं. मालक कोणी एक नाही, सगळेच. त्यामुळे ते बंद पडल्यावर काय करायचं, हे कोणालाच ठरवता येईना... बारभाईचा कारभार म्हणतात तो हाच.

तेवढ्यात इंदापूरचे एक भाजीचे व्यापारी पुढे आले, सगळे त्यांना शेठ म्हणत. इंजिन मी चालू करून देतो, पण निम्मी भागीदारी माझी आणि पाण्याच्या पाळ्याही मीच लावणार, म्हणाले. दुसरा मार्ग म्हणजे माझा भाऊ. तो वालचंदनगरला फिटर होता आणि रविवारी येऊन इंजिन खोलायला तयार होता, फक्त सामान गावाने आणायचं.

आमची जमीन पाटाच्या अगदी शेवटाला. पाळ्या शेठच्या हातात गेल्या तर त्यांच्या ओळखीपाळखीच्यांचीच वावरं आधी भिजणार आणि आमची वांगी वाळणार, हे सासूबाईंना पक्कं ठाऊक होतं. सासरे वारल्यापासून शेअर त्यांच्याच नावावर होता, म्हणून तर आम्ही दोघी बायका सभेला गेलो होतो.

चेअरमन तात्यांनी आधी शेठच्या भागीदारीला मत विचारलं. शेठ समोरच बसलेले... झाडून सगळे हात वर! मग गावानेच दुरुस्त करायचं का, असं विचारलं. पुन्हा सगळे हात वर!

तात्या बिचारे डोकं खाजवत बसले. आणि मी बघते तर सासूबाईंचाही हात दोन्ही वेळा वर होता.

"आत्याबाई, तुम्हीसुद्धा?" मी पदराआडून विचारलं.

"अगं, मानूस म्होरं बसलाय. त्याच्या तोंडावर न्हाय कसं म्हनायचं?"

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू... पण आमच्याकडे पाहुण्याला 'नाही' म्हणण्यापेक्षा लोक स्वतःचं नुकसान करून घेतील, हेही खरंच होतं. म्हटलं, मग त्यांना आपल्या घरी चहाला बोलवा.

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि उठून आमंत्रण दिलं. शेठना घेऊन मी घरी आले, त्या सभेतच थांबल्या. चहा झाला, पोहे झाले, त्यांच्या मुलाबाळांची चौकशी झाली, पुन्हा चहा टाकला... माझं सगळं लक्ष देवळाकडे.

शेठ काही दुधखुळे नव्हते. दुसरा कप खाली ठेवून हसले आणि म्हणाले, "सूनबाई, ठरलं वाटतं गावाचं." मी चुलीतली लाकडं सारखी करत बसले.

आम्ही देवळात परतलो. शेठच्या पाठीमागे तात्यांनी पुन्हा मत घेतलं होतं आणि एकाचाही हात त्यांच्या भागीदारीसाठी वर गेला नव्हता, पण ते सांगणार कोण? तात्या आढ्याकडे बघत होते.

शेवटी सासूबाई उठल्या. त्यांनी पदर सावरला. "शेठ, आमचा माल तुमालाच घालू. पर इंजिन आमी कुनाला देनार न्हाय."

शेठनी मान डोलावली आणि जाताना भाजीचा सौदा पक्का करून गेले. पुढे कितीतरी वर्षं ते आमच्या गावचा माल नेत होते...

रविवारी भावाने इंजिन चालू केलं. आठेक दिवसांनी आमची पाळी आली, पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचलं आणि सासूबाई त्यात नुसत्या उभ्या राहिल्या. मला बाई रडूच आलं.

सगळ्यांच्या मालकीचं काही टिकवायचं तर कोणा एकाला वाईटपणा घ्यावा लागतो. त्या दिवशी तो आत्याबाईंनी घेतला, आणि माझी पोरं त्या पाण्यावर मोठी झाली.