दार उघडं ठेवून
रंग पातळ करायच्या टर्पेंटाईनची बाटली उघडली की सेलूतल्या सासरची ती दुपार आठवते. लग्न नवं होतं आणि मी चित्रं काढते हे सासरी सांगायची भीती वाटायची. शेजारच्या जिनिंग कारखान्यातला कापूस उडून ओल्या रंगावर चिकटतो, म्हणून दार-खिडकी लावून मी कॅनव्हास रंगवत होते. अचानक दारावर थापा पडल्या. "दार उघड गं पोरी! रॉकेलचा वास कशाचा यायलाय?" सासूबाईंचा आवाज रडवेला झाला होता. मी दार उघडताच त्यांनी आधी माझा पदर हुंगला, मग हातातला ब्रश पाहिला आणि मटकन खाली बसल्या. "चित्र काढायलीस व्हय! जीवच गेला व्हता की माझा. काढ, लय काढ, पण दार उघडं ठेव." मी पेटवून घेतेय ही त्यांची भीती गेली, चित्रांबद्दल सांगायची माझीही. अजून मी दार लावत नाही. रंगाला कापूस चिकटला तर चिमट्याने काढते.