कालव थकेना

"आधी तो हातोडा खाली ठेवा," मी दामूला म्हणाले. "कवच फुटलं तर तुकडे हिच्याच बोटात घुसतील."

दामूने हातोडा ठेवला, पण हाताच्या अंतरावरच. त्याची बायको हिराताई दवाखान्यात माझ्या टेबलासमोर घामाघूम बसली होती. उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं टोक तळहाताएवढ्या कालवात अडकलेलं. कालव म्हणजे खडकाला चिकटून वाढणारा शिंपला. आमच्या रेवदंड्यात बायका तो कोयत्याने काढतात आणि आतलं मांस विकतात. हे कालव दामूने बोटासकट खडकावरून सोडवून आणलं होतं.

"उघडं दिसलं," हिराताई म्हणाली. "जितं हाय का मेलं, बघाया गेले. रोज कोयत्याचं टोक लावते. आज फोनवर बोलत व्हते, बोटच घातलं. अक्कल चरायला गेलेली माझी!"

मेलेलं कालव उघडंच राहतं. जिवंत असलं तर काही लागताच मिटतं. हे चांगलंच जिवंत होतं.

दामूने खाडीच्या पाण्याची बादलीही आणली होती. इथे सगळ्यांना ठाऊक असतं, कालव पाण्यात ठेवलं की थोड्या वेळाने आपणहून उघडतं. मलाही पटलं. शेवटी स्नायूच तो, थकेल. हिराताईने बादलीत हात बुडवला, सिस्टरने चहा आणला आणि आम्ही वाट बघत बसलो.

चहा संपला. कालव ढिम्म. फटीतून टॉर्च मारला तर नख निळं पडत चाललेलं.

"बाय, बोट बधिर झालंय," हिराताई हळूच म्हणाली. "ऱ्हाईल ना? ह्याच बोटानं कालवं सोलते मी."

दामूचं लक्ष परत हातोड्याकडे गेलं. मी बाहेर जाऊन मैत्रिणीला फोन लावला. ती कॉलेजात झूलॉजी शिकवते.

"अगं, कालव किती वेळात थकतं?"

"थकत नाही."

"म्हणजे काय?"

"दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या धरून उभी राहा. हात भरून येतात ना? आपला स्नायू आवळून ठेवायला सतत शक्ती जाळावी लागते. कालवाच्या स्नायूचे दोन भाग. एक पटकन मिटवतो. दुसरा ताण धरून ठेवतो. तो एकदा आवळला की तसाच अडकून राहतो, दाराला कडी घातल्यासारखा. शक्ती जवळजवळ लागतच नाही."

"पण पाण्यात उघडतं की!"

"भीती गेली की उघडतं. तुझ्या पेशंटचं बोट आतच आहे. त्याच्या दृष्टीने शत्रू घरात बसलाय. स्नायू काप, दुसरा इलाज नाही."

बिचारं! म्हणजे बादलीत दोन घाबरलेले जीव एकमेकांना धरून बसले होते, आणि मी चहा पीत होते.

मी हिराताईच्या बोटाच्या मुळाशी भुलीचं इंजेक्शन दिलं. बारीक ब्लेड वरच्या चपट्या कवचाला घासत आत सरकवलं. काहीतरी चिवट लागलं, मी कापलं, आणि कवच सैल पडलं.

बोट पांढरंफटक होतं. मग टोकाशी हळूहळू लाली चढली आणि हिराताई हमसून हमसून रडायला लागली. दामूने तिचं डोकं पोटाशी धरलं. "झालं गं, झालं," एवढंच म्हणत राहिला.

धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, जखम धुतली. पुढे नख गेलं, बोट राहिलं. हिराताई त्याच बोटाने कालवं सोलते.

तेव्हापासून "धीर धरा, आपोआप सुटेल" असं मी उठसूट सांगत नाही. धरून ठेवणाऱ्याला धरायचे कष्ट किती पडतात, ते आधी बघते. काहीच पडत नसतील, तर वाट बघून थकतो तो अडकलेलाच.