वाशाला टांगलेला माईक

लांज्याच्या एस.टी. स्टँडसमोर चहाची एक टपरी होती. ऐंशीनंतरची गोष्ट, साल नेमकं आठवत नाही. दिवाळी होऊन गेली होती, भात झोडून झालं होतं आणि मी बाजार करून गाडीची वाट बघत तिथे बसलो होतो. टपरीवाल्याने टेप लावला. गण सुरू झाला. दुसऱ्या ओळीला मी बशी खाली ठेवली. गळा ओळखीचा होता. अठरा वर्षं तो माझ्या पाठीला बसून गायला होता.

टपरीवाला म्हणाला, "ऐका काका, काय गळा हाय. नवीन शाहीर हाय म्हणतात, तुमच्याच बाजूचा."

"असेल," मी म्हणालो आणि अर्धा चहा तसाच ठेवून उन्हात जाऊन उभा राहिलो. गाडीला अजून पाऊण तास होता.

आमच्याकडे गणपतीत जाखडी नाचतात. वाचणाऱ्याला माहीत असेल, नसेल, म्हणून सांगतो. मधे मृदुंग, टाळ घेऊन गाणारे बसतात आणि भोवती रिंगण धरून पोरं नाचतात, एका पायात चाळ. शाहीर ओळ टाकतो, मागचे झीलकरी ती उचलतात. आमच्या गावात शाहीर मी. शाळा चौथीत सुटली, पण कवनं माझी मीच बांधली, कुणाची उसनी घेतली नाहीत. आणि झीलकऱ्यांत पहिला हा, टेपवरचा. खालच्या वाडीतला, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. ढोरांमागे गात होता तिथून मी त्याला उचलून आणला, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे तो आपणहून आला होता.

त्या वर्षीच्या गणपतीनंतर त्याने आपला वेगळा नाच उभा केला. रागाने नाही. घरी आला, पुढ्यात नारळ ठेवला, पाया पडला आणि गेला. भांडून गेला असता तर मला बरं वाटलं असतं.

आमच्या गावचे मुंबईला असलेले लोक दर श्रावणात तिथे हॉल घेऊन जाखडीची बारी लावतात. गावातून शाहीर जायचा तो मीच, हे कुणाला विचारायला लागत नसे. त्या वर्षी त्यांच्या मंडळाच्या सेक्रेटरीचा निरोप आला. शाहीर एकच बोलावणार, ज्याला यायचं असेल त्याने शिमग्यापर्यंत कॅसेट करून ठेवावी, सहाणेवर, पालखी बसते त्या चौथऱ्यावर, बसून ऐकू आणि ठरवू. म्हणजे मला परीक्षा. तीसुद्धा माझ्याच झीलकऱ्याबरोबर. आणि त्याची कॅसेट लांज्यापर्यंत पोचलेली.

घरी आलो तर बायको चुलीपुढे बसून तीच चाल गुणगुणत होती.

"कुणाचा गाणा म्हणतेस?"

"कुनाचा काय? तोंडात आला म्हनून म्हनतंय."

"तोंडात आला तो थुंकून टाक."

ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतोय.

मुलाने मुंबईहून टेप पाठवलेला होता. त्याच्या अंगातच एक माईक असतो, चाळणीसारख्या भोकांमागे. त्यावर गाऊन बघितलं तर माझ्या गाण्यापेक्षा टेपच्या मोटरची घरघर जास्त. म्हणून वेगळा माईक घ्यायला रत्नागिरीला गेलो. बाजारात रेडिओ दुरुस्त करणारा एक दुकानदार होता, सज्जन माणूस. त्याने तीन माईक पुढे मांडले.

"घरात एकट्यानेच गाणार ना काका? मग हा प्लास्टिकचा पुरे. स्वस्त आहे, आवाज ठीक येतो."

"त्याच्यावरचा?"

"हा मधला. ह्यात पेन्सिल सेल घालायचा. बारीक आवाजसुद्धा धरतो. पण मग घरातलं सगळंच धरतो, कोंबडी, भांडी, सगळं."

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आमच्या गावचा एक येऊन गेला काय? उंच, गालावर तीळ?"

"हो, ते शाहीर ना? मधला त्यांनीच नेला. नंतर कॅसेट आणून ऐकवली पण. गोड गातात हो."

झालं. प्लास्टिकचा घेतला तर मी त्याच्या खाली. मधला घेतला तर त्याच्या मागे. राहिला तिसरा, लोखंडी मुठीचा, जाळीदार डोक्याचा, सभेत असतो तसला. तो घ्यायची माझी ऐपत नव्हती. मी उठेना आणि घेईना. शेवटी दुकानदाराने फडताळातून एक जुना काढला. कुठल्यातरी मंडपवाल्याने दुरुस्तीला टाकला होता आणि परत न्यायला आलाच नव्हता. जाळीला एका बाजूने पोचा होता. मी तो हातात घेऊन तोलला, नारळ तोलतो तसा. वजन होतं.

"आतून चांगला आहे," दुकानदार म्हणाला. "मधल्याच्या किमतीत देतो. पिन तेवढी बदलून देतो, नाहीतर तुमच्या टेपला बसायची नाही. आणि हा लांबचं ओढत नाही. तोंडापासून चार बोटांवर पाहिजे."

"त्याने हा बघितला व्हता?"

"कोणी?"

"काही नाही. बांधा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मधल्या खोलीत वाशाला सुंभ बांधून मी माईक टांगला, बरोबर तोंडासमोर, चार बोटांवर. बायकोला कोंबड्या हाकायला पडवीत बसवली. बाकीचे झीलकरी गावातच होते, हाक मारली असती तर आले असते. पण मी मारली नाही. गाणं माझं, चाल माझी, गळा माझा. मागे माणसं कशाला? मृदुंग मांडीवर घेतला आणि सुरू केलं. कवन माझं लाडकं होतं, सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरून, येणाऱ्या शिमग्याच्या पालखीचं:

सडा तुडवीत आली पालखी, सहाणेवरी बसली.

गाऊन झालं आणि टेप उलटा फिरवून ऐकला. आवाज काय आला होता. खणखणीत. मृदुंगाची शाई बोलत होती. पण ओळ संपताना काहीतरी बिघडत होतं. "सडा तुडवीत आली पालखी, सहाणेवरी" इथवर सगळं ठीक आणि पुढे खड्डा. 'बसली' नाहीच. दुसऱ्या ओळीला तेच, तिसऱ्या ओळीला तेच. मी समजलो, माईक शेवटचा शब्द खातो. जुना माल गळ्यात मारला.

तसाच गाडी धरून रत्नागिरीला गेलो. दुकानदाराने तारा बघितल्या, पुसल्या आणि मला बोलायला लावलं. मी बोललो ते सगळं उमटलं. घरी आलो, पुन्हा गायलो, पुन्हा खड्डे. परत गेलो. ह्या खेपेला टेपच पोत्यात गुंडाळून नेला.

"तुझा माईक बोलण्यातलं खात नाही, गाण्यातलंच खातो," मी म्हणालो.

"मग गा काका इथे."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी गायलो. दुकानदार मान खाली घालून ऐकत होता. दोन ओळी झाल्यावर त्याने हात वर केला.

"रागावू नका. तुम्ही ओळ पुरी का म्हणत नाही?"

"म्हटली की."

"नाही म्हटलीत. 'सहाणेवरी' म्हणून थांबलात."

त्याने टेप लावला, आवाज वाढवला आणि खड्ड्यापाशी बोट दाखवलं. खड्डा रिकामा नव्हता. त्यात माझा श्वास होता. हूं करून आत घेतलेला, स्पष्ट. माईकने काही खाल्लं नव्हतं, माझा श्वाससुद्धा सोडला नव्हता.

तेव्हा मला उमगलं. अठरा वर्षं ओळीचा शेवट मी म्हटलेलाच नव्हता. तिथे आला की मी दम घ्यायचो आणि मागून तो उचलायचा, "बसली गो, बसली". लोक वाहवा करायचे, ती माझीच समजून मी घरी आणायचो. दुकानदाराला ह्यातलं काही सांगितलं नाही. माईक बरा आहे म्हणालो आणि निघालो.

मग महिनाभर रोज काजूच्या बागेत जाऊन शेवटचा शब्द म्हणायची सवय केली. एक ओळ यायची, दुसरी यायची, तिसरीला छाती आपोआप दम घ्यायला थांबायची. शब्द ओढून काढला तर पुढची ओळ पांगळी व्हायची. पन्नाशी उलटलेला गळा, तो नवीन वळण घेईना. बायको म्हणाली, "त्याला बोलवा की वो. तो का नाय म्हननार हाय?"

तो नाही म्हणणार नव्हता, तेच तर मला नको होतं.

शिमग्याला पालखी सहाणेवर बसली, मुंबईकर जमले. सेक्रेटरीने टेप मांडला. आधी माझ्या झीलकऱ्याची कॅसेट लावली. मी ऐकली. खोटं कशाला लिहू, एक ओळ कुठे लंगडी नव्हती. मी पोरांसारखा तिच्यात खोट शोधत बसलो होतो आणि शेवटी मृदुंग जरा उतरलेला आहे एवढीच सापडली.

मग माझी लागली. खड्ड्यांसकट दिली होती, दुसरी होतच नव्हती.

"सडा तुडवीत आली पालखी, सहाणेवरी..."

"बसली गो, बसली."

तो बोलला होता. पलीकडे जोत्यावर बसून, हातातला विडा लावता लावता, मान वर न करता. दुसऱ्या ओळीलाही त्याने उचललं. तिसऱ्या ओळीला आजूबाजूचे सगळे उचलायला लागले. कॅसेट माझी वाजत होती आणि माणसं तोंडं वळवून त्याच्याकडे बघत होती.

"तुला कोणी बोलावला रे मधी?" मी म्हणालो.

"बुवा, सुटत नाय तोंडातना. सवय झाली." त्याने जीभ चावली. लोक हसले.

सेक्रेटरी खूश झाला. "बुवा, हेच पाहिजे. श्रावणात दोघंही या. तुम्ही पुढे, हा मागे, पहिल्यासारखे."

मला वाटलं तो नाही म्हणेल. त्याचा नाच होता, कॅसेट होती, लांज्यापर्यंत नाव होतं. तो म्हणाला, "मी बसतंय मागं. माजा काय जाताय?"

त्याचं काहीच जात नव्हतं. सगळ्यांदेखत त्याने माझी जागा मला परत दिली आणि त्या क्षणाला मला तो जितका नकोसा झाला तितका आधी कधी झाला नव्हता.

"मला उसना गळा नको," मी म्हणालो. "त्यालाच न्या."

सेक्रेटरीने दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं. श्रावणात तो मुंबईला गेला आणि गाजला.

पुढच्या वर्षी, कापणीच्या आधी, तो घरी आला. दुसरी कॅसेट करत होता. पडवीत बसला, पाणी प्याला, आणि म्हणाला, "बुवा, तुमचा तो मोठा माईक दोन दिवस द्या. माज्यावर घरातला सगळा येता. पोरा, कोंबडी, म्हस, सगळी गातात माज्याबरोबर."

"बिघडला तो," मी म्हणालो. "बंद पडून कधीचा टाकला."

दार उघडं होतं. मधल्या खोलीत वाशाला सुंभाने माईक टांगलेला होता आणि मी सकाळीच त्याच्यावरची धूळ पुसली होती. त्याने तो बघितला. मी बघितलं की त्याने बघितला. बायकोने चहा आणला. तिनेही बघितलं. तिघांनी मिळून पावसाच्या गोष्टी केल्या.

उठताना तो म्हणाला, "बरा झाला की सांगा बुवा."

मी सांगतो म्हणालो. अजून सांगितलेलं नाही.