कॅसेटवाल्यांचा नॅपकिन

पलासिया भागातल्या व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात गल्ल्यावर एक माजी मिल कामगार बसत. दुकानातल्या टीव्हीवर जपानी कार्टूनमधली आई मुलाला सोडून गेली, की ते खांद्यावरच्या नॅपकिनने डोळे पुसत आणि नाक इतक्या जोरात शिंकरत, की गिऱ्हाइकं हसत. एकाने विचारलंच, "भिया, मिल बंद झाली तेव्हा तर नाही रडलात?"

"तिथे मागे म्यूझिक कोणी लावलं होतं?" ते म्हणाले.

मीही हसले. तीच कॅसेट घरी नेली आणि मुद्दाम आवाज बंद करून पाहिली.

दुसऱ्या दिवशी परत देताना म्हटलं, "ठीक होती."

"हो, दिसतंय ना," माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघत त्यांनी नॅपकिन पुढे केला. तो धुतलेला नव्हता. तरी मी घेतला.