चांदणी टाइल आणि माझा गाल

आखातातल्या आमच्या अख्ख्या रोल्ला वस्तीत माझ्याएवढी टाइल कुणाला कळत नाही. आमच्या बाथरूमची लादी मी स्वतः बसवली, तेव्हापासून पाणी जाळीकडे न जाता दाराकडे येतं.

मुलगी कॉलेजात शिकते. तिला इराणच्या जुन्या टाइलवर प्रोजेक्ट होतं. टाइल चमकतानाचा फोटो स्वतः काढून आणायचा होता, आणि उद्या सबमिशन. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी तिच्याबरोबर म्युझियममध्ये गेलो. बायकोनं बजावलं होतं, तिथे शहाणपणा करू नका.

काचेमागे वीतभर चांदणी होती, आठ टोकांची. मधे दोन ससे, कडेनं अक्षरं. सात-आठशे वर्षांची म्हणे. पण रंग कसा, तर साइटवरच्या उकळून उकळून काळ्या झालेल्या चहाचा. पोरीनं दहा-बारा फोटो काढले, सगळे चहाचेच. तिचं तोंड उतरलं. म्हणाली, यात सोनं नसतंच; भाजलेल्या टाइलवर चांदी-तांब्याचा रंग काढून पुन्हा धुरात भाजायचे, मग सोन्यासारखी चमकते. मी म्हटलं, मिस्त्रीनं फसवलं असणार, आमच्यात पण असतात. ती हसली नाही.

मला काही सुचेनासं झालं की मी लेव्हल बघतो. टाइल बसवली की गाल भिंतीला टेकवायचा, एक डोळा मिटायचा आणि आडवं बघायचं. कोपरा वर आला असेल तर लगेच कळतो. सवयीनं इथे गाल काचेला टेकवला.

आणि ससे पेटले. पिवळेधमक, कडेला जरा जांभळट. मान सरळ केली की चहा, वाकडी केली की सोनं.

गार्ड धावत आला. पठाण होता, माझ्या दुप्पट. मी म्हटलं, "हबीबी, एक मिनिट, बच्ची का कॉलेज है." त्यानं आधी मला मागे ओढलं, मग स्वतःच मान वाकडी करून बघितलं. मला वाटलं, पोरगी लाजून पार बाहेर गेली असेल. ती तर माझ्या शेजारी गुडघ्यावर बसून मोबाइल तिरका धरत होती.

मला काय, छाती फुगली. म्हटलं, "बघितलंस? बाप शाळेत गेला नाही, पण टाइल ओळखतो."

मोबाइलवरची नजर न काढता ती म्हणाली, "बाबा, फोटोत तुमच्या गालाचं तेल येतंय. पुसा आणि बाजूला व्हा."