परतीचा कागद

केडगावच्या झेरॉक्सच्या दुकानात माझ्या आधी एक बाई आपल्या मुलीबरोबर बसल्या होत्या. बोलण्यावरून तिसगावकडच्या वाटल्या. नर्स असलेली मुलगी आईला समुद्र दाखवायला मालदीवला नेत होती. पासपोर्ट, हॉटेलचं बुकिंग, प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म, सगळं तीच बघत होती. बाई प्रिंटरमधून निघालेला प्रत्येक गरम कागद मांडीवर घेऊन तळहातानं सपाट करत होत्या.

दुकानदार म्हणाला, "मावशी, परतीचं तिकीट दाखवल्याशिवाय तिकडं आत घेत नाहीत."

बाईंचा हात थांबला. "म्हंजी निघायच्या आदीच यायचा दिस ठरलाय?"

"हो."

"आमी ऊस तोडायला जायचो, तवा कारखाना बंद झाल्याबिगर घरी कवा जायचं ते कळायचंच न्हाई."

सहलीच्या तिकिटावर परतीची तारीख दिसली की माझा निम्मा उत्साह तिथंच संपतो. बाई मात्र मुलीला विचारत होत्या, "यातला यायचा कागद कोंचा?"

मुलीनं दाखवला. बाईंनी त्याची बारीक घडी घालून ती कमरेला खोचली.

"अगं आई, फायलीत राहू दे की."

"जायचे ऱ्हाऊ दे तुज्याकडं," बाई म्हणाल्या. "यायचा माज्यापाशी."