डबड्यातली आखाजी

रमेशने तो ट्रेलर बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातल्या घरासमोर आणून उभा केला तेव्हा सुलभा ओट्यावर बसून गहू पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही. बसल्या जागेवरूनच विचारलं, "हे डबडं कोणाचं?"

"डबडं नाही, घर आहे. चाकांवरचं."

"मग हे काय आहे?" तिने सुपाचा काठ पाठीमागच्या भिंतीवर आपटला.

रमेश एका सूतगिरणीच्या स्टोअरमधून निवृत्त झालेला. वर्षभर तो रोज संध्याकाळी घराबाहेर पडे. सुलभेला वाटे, कुठेतरी पत्ते कुटत असेल. प्रत्यक्षात तो चंदन वेल्डरच्या दुकानात बसून लोखंडी सांगाडा, त्यावर पत्रा, आतून प्लायवूड असं हे प्रकरण तयार करून घेत होता. जुन्या बोलेरोच्या मागे जोडायचं आणि देश पाहत फिरायचं, असा त्याचा बेत. हौसेला कोणी नाव ठेवलं नसतं. पण त्याने घर वर्षभरासाठी रितेशला द्यायचं कबूल केलं होतं. रितेशची शिकवणी गल्लीच्या तोंडाशी चाले आणि त्याला जागा अपुरी पडत होती.

"आखाजीला चावी देतो म्हटलंय," रमेश म्हणाला. इकडे वर्षाचे करार आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासूनच सुरू होतात, त्यामुळे त्यालाही तोच मुहूर्त सुचला.

"मला विचारलं?"

"विचारतोच आहे. त्याआधी आठ दिवस फिरून येऊ. तुला जमलं नाही तर नाही देणार. झालं?"

सुलभा मूळची फोपनारची. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा स्वयंपाकघर सासूचं होतं आणि सासू गेली तोवर सुलभेचे केस पिकायला लागले होते. त्यानंतर तिने जुनी चूल मागच्या पडवीत हलवली आणि पूर्वेच्या खिडकीखाली काळ्या फरशीचा ओटा घातला. मुलाचं लग्न, घराचा रंग, दाराची दिशा, सगळं दुसऱ्यांच्या मनाने झालं. तिच्या मनाने झालेला तो एकच ओटा. त्या ओट्यावर रितेशची पोरं दप्तरं टाकून बसणार, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि ती उठून आत गेली.

निघताना तिने पडवीतलं खापर गोधडीत गुंडाळून आणलं. खापर म्हणजे उपडं घालायचं मोठं मातीचं भांडं. खाली लाकडं पेटवायची आणि वर हातांवर फिरवून परातीएवढी केलेली पुरणपोळी, म्हणजे मांडा, टाकायची.

"हा मटका कुठे ठेवणार?" रमेश ओरडला. "अगं, शेगडीपेक्षा मोठा आहे तो!"

"आखाजी येतेय."

"तव्यावर कर. पितर काय मोजपट्टी घेऊन येतात?"

खापर घरीच राहिलं.

ट्रेलरमधलं स्वयंपाकघर म्हणजे दाराच्या डाव्या अंगाला केलेला एक कोनाडा. शेगडीला बर्नर दोन, पण एकावर कुकर चढला की दुसऱ्यावर वाटीसुद्धा बसेना. सिंक एवढंसं की परात धुवायची तर आधी उभी, मग आडवी. ओटा म्हणजे बिजागरीची फळी. ती उघडली की दार अडे आणि दार उघडायचं तर फळी मिटावी लागे. वरच्या कपाटावर सुलभेचं डोकं पहिल्याच दिवशी आपटलं. बाहेर वैशाखाचं ऊन, वर तापलेला पत्रा, आत ज्वाला.

पहिल्या मुक्कामाला, ओंकारेश्वरच्या अलीकडे, गाडी कलती उभी होती. तव्यावर तेल घातलं की एका कडेला पळे आणि भाकरी अर्धी कच्ची, अर्धी करपलेली. सुलभेला आनंद झाला. करपलेलीच वाढावी, दोन दिवस वाढावी, की हा माणूस आपणहून बुऱ्हाणपूरची वाट धरेल.

पण भाकरी ताटात ठेवताना हात थांबला. आपल्या हातची करपलेली भाकरी कोणाच्या ताटात पडावी, हे तिला सहन होईना. ती खाली उतरली, दोन विटा शोधल्या, चाकाखाली सारल्या आणि दुसरी भाकरी थापली.

इथून तिचं चुकत गेलं. खण बाहेर ओढून त्यावर परात बसवली की ओट्याचं काम होतं, हे तिने शोधून काढलं. जुन्या चादरीचे कप्पे शिवून मसाल्याच्या पुड्या दाराच्या आतल्या बाजूला टांगल्या. कुकरमध्ये खाली डाळ, वर भात, त्यावर बटाटे, असं एका शेगडीवरचं जेवण ती एका दमात काढू लागली. पाणी संपू नये म्हणून केळीच्या पानांवर वाढलं. पत्र्यावर ओली गोणपाटं टाकली. फोडणीचा ठसका आत कोंडू नये म्हणून कढई खिडकीच्या रेषेत आणली.

रमेश ढेकर देई आणि पुण्याला सागरला फोन लावी. "अरे, तुझी आई म्हणजे ना! काल शेवभाजी, आज वांग्याचं भरीत. मी म्हटलंच होतं, डिझाइन बरोबर आहे."

"आई, ग्रेट आहेस तू," सागर फोनवरून म्हणाला. मागून सुनेचा, दीपालीचा आवाज आला, "आई, फोटो टाका ना!"

महेश्वरच्या घाटावर भांडी घासताना सुलभेला उमगलं की आपण रोज आपल्याच घराला कुलूप लावतो आहोत. हा प्रत्येक घास गोड मानून खातो आणि तो घास आपल्या विरुद्ध साक्ष देतो. तिने कढई अशी घासली की शेजारी धुणं धुणारी बाई म्हणाली, "बस करो बहनजी, छेद हो जाएगा."

परतीच्या वाटेवर रमेशने जाहीर केलं, "आखाजी आपण फोपनारला करू. तुझ्या माहेरच्या सुपडूच्या केळीच्या बागेत ट्रेलर उभा करायचा. आक्कालाही तिथेच आणतो. तिलाही बघू दे."

आक्का म्हणजे रमेशची थोरली बहीण सुनंदा, खकनारला दिलेली. आखाजीला लेकी माहेरी येतात, तशी सुनंदा न चुकता येई. येताच डब्यांच्या झाकणांवरून बोट फिरवी. सुलभेची पोळी उजेडाकडे धरून पाही आणि म्हणे, "आईच्या पोळीतून सूर्य दिसायचा गं." या बाईला सुलभेने मनातल्या मनात किती वेळा परत बसमध्ये बसवलं होतं, त्याला हिशेब नाही. नणंद यावी असं तिला या आखाजीला पहिल्यांदा वाटलं. ती म्हणाली, "आणा. नक्की आणा."

आखाजीच्या सकाळी सुपडू बागेच्या तोंडाशी उभाच होता. केळीचं वाळलं पान गुडघाभर साचलेलं, ठिबकच्या नळ्या उन्हात पसरलेल्या. "भाऊ, राहा हवे तितके दिवस," तो रमेशला म्हणाला. "पण बाहेर काडी पेटवायची नाही. वारं सुटलं तर बागेची होळी होईल."

सुलभेने मान डोलावली. दुसऱ्या कुठल्या दिवशी तिने बांधापलीकडे उघडी जागा शोधली असती, खड्डा खणला असता, आडोसा केला असता. आज तिने यातलं काहीही केलं नाही. पुरण शिजवलं, वाटलं, कणीक मळली. छोट्या तव्यावर मावतील एवढ्या पोळ्या लाटायला घेतल्या. स्वयंपाकात खोट काढायला जागा नव्हती. फक्त डबड्यात जेवढं मावत होतं तेवढंच झालं होतं.

सुनंदा बोलेरोतून उतरली ती कमरेवर हात ठेवून.

"काय रे रमेश, कुल्फीची गाडी टाकली का?"

"आक्का, आत तर ये. आपलं नवीन घर आहे."

"घर तर मागे इतवाऱ्यात राहिलं. तिथे न थांबता गाडी पुढे काढलीस तेव्हाच म्हटलं, याला ऊन लागलं." ती पायरी चढली, दारात अडली, आडवी होऊन आत शिरली आणि फळीवर आदळली. "अगं आई गं! सुलभे, हे काय टांगून ठेवलंय?"

"ओटा आहे, आक्का."

"हा ओटा?" सुनंदाने बोट फिरवायला डबा शोधला. डबे नव्हते, चादरीचे कप्पे होते. तिचं बोट तसंच हवेत राहिलं.

पितरांसाठी पाण्याने भरलेली घागर मांडायला जागा कुठे? पलंगाची फळी पाडून त्यावर ठेवली. वर खरबूज आणि दोन आंबे ठेवले तर ते कपाटाला टेकले. रमेशने खरबूज काढून बाजूला ठेवलं. सुनंदाने ते उचलून परत घागरीवर ठेवलं.

"आगारी कशावर टाकणार?" तिने विचारलं.

निखाऱ्यावर तूप आणि पुरणाचा घास टाकायचा, तीच आगारी. धूर उठला की पितर जेवले. त्याशिवाय घरातलं कोणी पान ओढत नाही. रमेशने याचाही विचार केला होता. गोवरीचा तुकडा स्टीलच्या वाटीत ठेवून त्याने ती बर्नरवर धरली. गोवरी पेटली नाही, नुसती धुमसली. बघता बघता आत एवढा धूर कोंडला की तिघंही खोकत दाराकडे धावली. दारात ओट्याची फळी उघडी होती. आधी ती मिटावी लागली, मग दार उघडलं. सुनंदा शेवटी उतरली, डोळे लाल, पदर तोंडावर.

"माझ्या बापाला," ती खोकत म्हणाली, "गॅसवरचा घास? अण्णांना? आणि तो हातभराचा मांडा कुठे आहे? या काय दिवाळीच्या पुऱ्या केल्यात?"

"आक्का, आठ दिवस आम्ही यातच राहिलो," रमेश म्हणाला. "सगळं व्यवस्थित. सुलभेला विचार. अगं सांग ना हिला, कसं सगळं जमलं ते."

सुलभा दाराशी उभी होती. लाटणं अजून हातातच होतं.

"जमलं नाही," ती म्हणाली. "मी जमवलं. आज नाही जमवत."

"म्हणजे?"

"म्हणजे हे एवढंच होतं यात. विटा मी ठेवल्या, कप्पे मी शिवले, गोणपाटं मी टाकली. तुम्ही जेवलात आणि फोन केलात."

"अगं, सणाचा एक दिवस सोडला तर..."

"एक दिवस सोडला तर?" सुनंदा मध्येच कडाडली. "तो एकच दिवस माझा आहे रे! वर्षभर मी तिकडे, एक दिवस इकडे. पुढच्या आखाजीला कुठे येऊ? तू कन्याकुमारीला असलास तर? माहेराला चाकं असतात का? मी घरातला हिस्सा सोडला तेव्हा आईने काय म्हटलं होतं? माझी पोर येईल तेव्हा चूल पेटलेली असेल. तू तिथेच उभा होतास, नाकातून शेंबूड नव्हता गळत तुझ्या तेव्हा, चांगला बायको केलेला होतास."

रमेशने सुपडूकडे पाहिलं. सुपडूने ठिबकच्या नळीकडे पाहिलं.

"चावी दे," सुनंदा म्हणाली.

"आज ती रितेशला द्यायची आहे. शब्द दिलाय."

"शब्द मलाही दिलाय. काढ."

चावी शर्टाच्या खिशात होती. सुनंदाने धाकट्या भावाचा खिसा चाचपावा तसा तो चाचपला आणि चावी काढून कमरेला खोचली. पुरणाचं पातेलं सुलभेने मांडीवर घेतलं, घागर सुनंदाने. रमेशने ट्रेलर जोडला आणि गाडी इतवाऱ्याकडे वळवली.

पडवीत चूल पेटली. खापर गोधडीतून निघालं. रमेश निखारे काढून मुकाट आगारीला बसला. धूर सरळ कौलांपर्यंत गेला. सुलभेने कणकेचा गोळा घेतला, पुरण भरलं आणि दोन्ही हातांवर फिरवायला सुरुवात केली. कोपर कशालाही लागलं नाही. पोळी मनगटांवरून ओघळत कोपरापर्यंत आली आणि तिने ती खापरावर पसरली.

सुनंदाने ती उचलून उजेडाकडे धरली. "जाड आहे."

"मग ठेवा खाली."

सुनंदाने खाली ठेवली नाही. आमरसात बुडवून खाल्ली, वर दुसरी मागितली.

जेवणं आटपतात तोच रितेश स्कूटरवरून आला. "काका, चावी?"

पडवीतून सुनंदा बाहेर आली. "कोण रे तू? लेक घरात बसलेली असताना घराची चावी मागतोस?"

"अरे बुआजी, टेंशन मत लो. मैं कल आता हूँ."

"कल भी मैं इधरच हूँ. परसों भी."

रितेशने रमेशकडे पाहिलं. रमेशने मान खाली घातली, तेव्हा तो काय ते समजला आणि गेला.

परवापर्यंत राहणारी सुनंदा महिना झाला तरी हलली नाही. भावाचा भरवसा नाही, म्हणाली. पाऊस पडून गेल्यावर बघू. तिने ओट्याच्या वरची फळी स्वतःच्या डब्यांसाठी रिकामी करून घेतली. मीठ कुठे असावं, तवा कुठे पालथा घालावा, सगळं ती ठरवू लागली. सुलभेने घर राखलं. ओट्यावर मात्र परत कोणाचंतरी बोट फिरू लागलं.

रमेश रागाने ट्रेलरमध्ये राहायला गेला. ट्रेलर घरासमोर गल्लीतच उभा. तो आपलं आपण शिजवतो. सुलभेच्या विटा आता चाकाखाली नाहीत, त्यामुळे गाडी कलती आहे आणि सकाळी करपल्याचा वास थेट स्वयंपाकघरात येतो.

"सुलभे, जळतंय बघ त्याचं," सुनंदा आतून ओरडते. "जरा जाऊन बघ तरी."

सुलभा खिडकीखालच्या ओट्यावर भाकरी थापत असते. ती उजवा हात लांब करते आणि खिडकीची एक झडप ओढून घेते.